विंगेतले मिटलेले डोळे

आमच्या नाट्यदिग्दर्शक सरांवर त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, माहितीपट केला आहे. काल तो पाहिला. प्रयोग सुरू झाला की सर विंगेत पडद्याची कड धरून उभे राहतात आणि डोळे मिटून घेतात. तेच दृश्य आलं आणि कॅमेऱ्यामागून काकूंचा आवाज आला, "अहो, डोळे का मिटता हो?"

सर ओशाळून हसले. "भीती वाटते गं. कुणी वाक्य विसरलं तर? तू आधी तो कॅमेरा बंद कर बघू."

सगळं सभागृह हसलं. मला हसू आलं नाही.

हाच प्रश्न कॉलेजात असताना मीही विचारला होता. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सरांचा शब्द मला प्रमाण. ते म्हणाले होते, "नाटक कानांनी बघायचं असतं." मी ते वहीत लिहून घेतलं. आता शिक्षक आहे. स्नेहसंमेलनात विंगेत डोळे मिटून उभा राहतो आणि मुलांनाही तेच सांगतो. त्या वाक्याने मला पुष्कळ दिलं, हे मी विसरणार नाही.

पण मला वाक्य मिळालं आणि काकूंना भीती. माणूस आपली भीती जवळच्यालाच दाखवतो. इतकी वर्षं मी स्वतःला जवळचा समजत होतो.

बाहेर सर भेटले. "कसा वाटला रे?"

"छान," म्हणालो आणि चटकन वाकून नमस्कार केला. वाकल्यावर चेहरा दिसत नाही.