सातवं पातेलं

आमच्या शेजारी चष्म्याचं दुकान आहे. त्या दुकानाचे मालक, म्हणजे आमचे चष्मेवाले, यांना समोरच्या माणसाच्या चष्म्याचा स्क्रू सैल दिसला की त्याचं बोलणं ऐकू येणं बंद होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बोटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर असतो. एकदा ते एका घरी सांत्वनाला गेले होते. सगळे माना खाली घालून बसलेले. पाचव्या मिनिटाला चष्मेवाल्यांनी त्या घरच्या आजींचा चष्मा नाकावरून अलगद उतरवला, दांडी आवळली, काचा पुसल्या आणि परत चढवला. आजींनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "थोरली सून आलेली नाही वाटतं." त्यानंतर त्या घरात जे झालं त्याला आपण जबाबदार नाही, असं चष्मेवाले अजून सांगतात.

अशा माणसाच्या हाती मुलामुलींचं स्काउट पथक आलं तेही याच खोडीपायी. अकरा वर्षांपूर्वी ते आपल्या लेकीला पथकात सोडायला गेले होते. तेव्हाचे स्काउटमास्तर तंबूच्या अडकलेल्या चेनशी झटत होते. चष्मेवाले म्हणाले, "बघू जरा." चेन सुटली. मग दोराचा गुंता सुटला, मग कपाटाचं बिजागर सुधारलं. मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढली, "ही जरा धरता का, हात धुऊन येतो," म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात बदली होऊन दुसऱ्या गावी गेले. शिट्टी चष्मेवाल्यांकडेच राहिली. लेक मोठी होऊन पथकातून बाहेर पडली, बाप आतच राहिला.

दर शनिवारी दुपारी दुकानाच्या दारावर 'पाच वाजता या' अशी पाटी लागते आणि हे वाचनालयामागच्या सभागृहात पोचतात. अठरा मुलं. माझा मुलगाही त्यात आहे, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मुलानं दोर हातात घ्यायचा अवकाश, चष्मेवाले म्हणणार, "असं नाही, असं." आणि गाठ तयार. मूल शिंप्याकडे माप द्यायला उभं राहिल्यासारखं हात पसरून उभं. शिबिराला जायचं तर अठरा पिशव्या हेच भरणार, तंबू हेच ठोकणार, परत आल्यावर ओले तंबू स्वतःच्या गच्चीवर हेच वाळवणार. दमट तंबू घडी करून ठेवला तर बुरशी धरते, हे पथकातल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे तंबू आपोआप वाळत असत.

आम्ही पालक खूश होतो. संमतीपत्रावर सही करायची, मूल पोचवायचं, आणि पाऊण तास उशिरा न्यायला यायचं. संमतीपत्रही चष्मेवाल्यांनाच तीनदा मागावं लागे. 'मुलाला कशाची ॲलर्जी आहे?' या रकान्यात एका वडिलांनी 'अभ्यासाची' असं लिहिलं होतं. चष्मेवाले त्यांच्या घरी गेले, खरी उत्तरं लिहून घेतली आणि येताना त्यांच्या दाराची कडी नीट करून आले.

गेल्या वर्षी पथकाच्या तपासणीला वरिष्ठ कार्यालयातून एक बाई आल्या. उंच, शांत, हातात वही. त्यांनी बेकरीवाल्याच्या मुलीला बोलावलं. ही तेरा वर्षांची, एका तुकडीची नायक. दोर देऊन बाई म्हणाल्या, "तंबूच्या खुंटीला बांधतात ती गाठ मार."

मुलीनं दोराकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे पाहिलं. "ती सर मारतात," ती म्हणाली.

"बरं. स्टोव्ह कोण पेटवतं?"

"सर."

"रस्ता चुकला तर?"

"सर चुकत नाहीत."

ही स्तुती ऐकून चष्मेवाले प्रसन्न हसले. त्यांचं सगळं लक्ष बाईंच्या चष्म्याच्या डाव्या दांडीकडे होतं. बाई लिहायला खाली वाकल्या, चष्मा घसरला, आणि पुढच्या क्षणी तो चष्मेवाल्यांच्या हातात होता.

अहवाल आठवड्याने आला. पहिलंच वाक्य होतं, 'या पथकात एक उत्कृष्ट स्काउट आहे. त्याचे वय एकावन्न वर्षे आहे.' पुढं लिहिलं होतं की येतं दोन दिवसांचं शिबिर मुलांनी स्वतः चालवावं. धोका किंवा दुखापत सोडून मास्तरांनी कशालाही हात लावू नये. दुसऱ्या दिवशी आपण पाहायला येऊ. तेव्हाही हेच दिसलं, तर मास्तरांची नेमणूक पुढं चालू राहणार नाही आणि मुलांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पथकात घालू. शेवटी एक ओळ होती, 'चष्मा उत्तम बसला आहे. आभार.'

चष्मेवाल्यांनी तो कागद मला दुकानात वाचून दाखवला. शेवटची ओळ यायच्या आधीच त्यांनी कागद माझ्या हातात दिला. शनिवार दुपार गेली तर या माणसाकडे काय उरणार, हे मला समोर दिसत होतं. घरातली एकही वस्तू दुरुस्त करायची शिल्लक नव्हती.

वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आतून ऐकलं आणि बाहेर आल्या. "तेवीस वर्षं मी हेच सांगतेय. बाईंनी दोन पानांत लिहून दिलं. शिकलेलं माणूस वेगळंच."

"अगं, पण मुलांना जमणार नाही."

"मला पोळी लाटताना सुद्धा तुम्ही हेच म्हणाला होतात."

शिबिरात दोन मोठी माणसं हवीत असा नियम आहे. इतकी वर्षं दुसरा माणूस मिळवताना चष्मेवाल्यांच्या नाकी नऊ येत. शिबिराची तारीख कळली की पालकांना एकदम कंबरदुखी होते. या वेळी वहिनीच म्हणाल्या, "मी येते. मुलांकडे बघायला नाही, यांच्याकडे बघायला." तंबू न्यायला माझा टेम्पो होता, त्यामुळे मीही अडकलो.

मैदानावर पोचल्याबरोबर वहिनींनी झाडाखाली घडीची खुर्ची मांडली आणि चष्मेवाल्यांना तीत बसवलं. "चहाचा कप, औषधाची पेटी आणि स्वतःचं डोकं. या तिन्हींना हात लावायचा. चौथ्या वस्तूला नाही." मग शेजारी दुसरी खुर्ची टाकून त्या शब्दकोडं सोडवायला लागल्या. कोड्यापेक्षा त्यांचं लक्ष नवऱ्याच्या हातांवर जास्त होतं.

एखादा माणूस बसून इतका दमलेला मी तोवर पाहिला नव्हता. समोर पोरं तंबूच्या काठ्या उलट्या जोडत होती. चष्मेवाले उजवा हात उचलायचे, वहिनी खोकायच्या, हात खाली. थोड्या वेळानं त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. एका मुलाच्या बोटाला ओरखडा आला तेव्हा ते पेटी घेऊन धावले आणि त्या बोटाला असं काही बँडेज बांधलं की पोराला जेवताना चमचा धरता येईना. सकाळपासून तुंबलेली सगळी सेवा एका बोटावर उतरली.

दुपारी वारा सुटला आणि बेकरीवाल्याच्या मुलीच्या तुकडीचा तंबू सगळ्या सामानावर आडवा झाला. चष्मेवाले उभे राहिले.

"बसा," वहिनी म्हणाल्या.

"अगं, खुंट्या..."

"कुणाला लागलंय का? नाही ना? बसा."

मुलगी धावत आली. "सर, काय चुकलं?"

चष्मेवाल्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. उत्तर जिभेच्या टोकावर होतं. ते गिळायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी एक तंबू ठोकला असता. शेवटी ते म्हणाले, "तुला काय दिसतं?"

"तंबू पडलेला दिसतो."

"आणखी?"

ती परत गेली. आपला तंबू आणि शेजारचा उभा तंबू यांच्या मध्ये गुडघ्यांवर बसून बराच वेळ पाहत राहिली. मग ओरडली, "आपल्या खुंट्या सरळ ठोकल्यात. त्यांच्या तिरक्या आहेत, तंबूपासून लांब झुकवलेल्या." तंबू पुन्हा उभा राहिला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मात्र उभाच राहिला, थोडा एका अंगाला कलून, फोटोसाठी पोज दिल्यासारखा. रात्री बटाटे अर्धे कच्चे होते. चष्मेवाल्यांनी ते निमूट चावले. दाढेखाली कच्चा बटाटा आणि जिभेवर सल्ला, दोन्ही त्यांनी एकदमच गिळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाली आणि बेकरीवाल्याची मुलगी हातात कागद घेऊन खुर्चीपाशी आली. तुकड्यांच्या नायकांनी मिळून कामांची वाटणी केली होती.

"सर, काल तुम्ही काहीच केलं नाही."

चष्मेवाले म्हणाले, "हो ना."

"हे बरोबर नाही. सगळे काम करतात आणि तुम्ही एकटे बसता. तुम्हाला भांडी दिलीत. सहा."

चष्मेवाल्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी टेम्पोकडे पाहिलं. कशालाही हात लावू नये, असं अहवालात होतं. पण पथक मुलांनी चालवावं, हेही त्याच अहवालात होतं. आता पथक चालवणारी मुलगीच सांगत होती.

"वहिनी, नाही म्हणायचं कुणी?" मी हळूच विचारलं.

"तुम्ही म्हणा, भाऊजी. मला तिची भीती वाटते."

चष्मेवाले नळापाशी जाऊन बसले. उपाशी माणूस ताटाला भिडतो तसे पहिल्या पातेल्याला भिडले. आदल्या रात्रीच्या बटाट्यांचा करपून चिकटलेला थर ते घासत होते, गुणगुणत होते. चौथं झालं, पाचवं झालं. आणि मैदानाच्या फाटकातून बाई आत आल्या, हातात वही.

त्या सरळ नळापाशी आल्या. "म्हणजे शेवटी हात लावलाच," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांच्या कोपरापर्यंत फेस होता. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर त्यांची अकरा वर्षं एका रांगेत उभी होती.

"मी लावायला सांगितला," बेकरीवाल्याची मुलगी मागून म्हणाली. तिनं कागद बाईंपुढं धरला. "आमची वाटणी आहे. सरांना सहा भांडी. आमच्या तंबूचं काम त्यांच्याकडे नाही, स्टोव्हचं नाही. परवानगी लागत असेल तर काकू बसल्यात तिथं, पण काकूंना मी विचारलेलं नाही."

बाईंनी कागद वाचला. चष्मेवाल्यांनी सहावं पातेलं धुऊन पालथं घातलं, आणि सवयीनं हात पुढं गेला. सातवं पातेलं, सगळ्यांत मोठं, सगळ्यांत काळं, त्यांच्या हातात आलं.

"सर, सहाच," मुलगी म्हणाली. "सातवं बँडेजवाल्याचं आहे. ठेवा खाली."

"अगं, त्याच्या बोटाला लागलंय."

"नऊ बोटं चांगली आहेत. ठेवा."

चष्मेवाल्यांनी ते पातेलं खाली ठेवलं. बँडेजवाला आला, नळ सोडला, आणि पातेल्याच्या आतून मुंगीला गुदगुल्या कराव्यात तसा हात फिरवायला लागला. चष्मेवाले बाजूला उभे होते. ओले हात पाठीमागे घट्ट धरलेले, बोटांतून पाणी ठिबकतंय. पोरानं दोनदा पाणी ओतलं, "झालं," म्हणालं आणि पातेलं पालथं घालून पळालं.

बाईंनी त्या पातेल्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या सगळा वेळ चष्मेवाल्यांच्या पाठीमागे उभ्या राहून त्यांचे हात पाहत होत्या. मग त्यांनी वहीतून नेमणुकीचा कागद काढला, टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून सही केली आणि वहिनींच्या हातात दिला, कारण चष्मेवाले ते हात सोडायला तयार नव्हते.

पातेल्याच्या तळाशी काळा थर होता तसाच होता.