कोरं कार्ड

जयमालाबाईंना भुतंखेतं चालत नसत. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई. अंगात आलेल्या पोरीला त्या एकोणतीसचा पाढा म्हणायला लावत आणि अंगातलं उतरे. मीही एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, ऐकीव गोष्टींवर माझा भरवसा नाही. म्हणून पुढचं जपूनच सांगतो.

निवृत्तीनंतर दर गुरुवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण जिल्ह्याच्या जेलमध्ये जात असू. मी पेटी घेऊन भजनं बसवायचो, बाई कैद्यांना लिहा-वाचायला शिकवायच्या. आमचा एकच कडक नियम होता, तोही बाईंनीच घातलेला. कोणाला गुन्हा विचारायचा नाही. मी एकदा एकाला सहज विचारलं, तर बाईंनी त्याच्यासमोर माझी अशी हजेरी घेतली की दोन आठवडे मी मान वर केली नाही.

ज्यांना लिहिता येत नसे त्यांची कार्डं बाई लिहून देत. ऑफिसातून ती तपासून टपालात जात. घरून उत्तर आलं की बाई ते वर्गात मोठ्यानं वाचत. ज्याचं उत्तर येत नसे तो गुडघ्यात डोकं घालून बसे, आणि हे बाईंना बघवत नसे. शाळेत त्या पोरांना पत्र लिहायला लावत आणि शेजारच्या पोराकडून त्याचं उत्तरही लिहून घेत. उत्तराशिवाय पत्राला त्या निम्मेच गुण देत. तीच खोड इथं नडली. पिशवीतून एक कोरं कार्ड काढायचं, चष्मा लावायचा आणि मनानंच वाचायचं. ऐकणाऱ्याला कुठं वाचता येत होतं?

मला कळलं तेव्हा मी चिडलो. "बाई, ही लबाडी आहे."

"आहे," बाई म्हणाल्या. "बसा खाली."

त्या वर्षी इंद्रभान नावाचा माणूस वर्गात आला. धाड गावाकडचा, चाळिशीचा, शांत. बायकोला, संजीवनीला, कार्ड लिहायचं म्हणाला. पत्ता तिच्या माहेरचा दिला, दुसरबीडचा. मजकूर दर वेळी एकच, जिथं असशील तिथून ये, मी रागावलो नाही. अशी तीन कार्डं गेली आणि एकाचंही उत्तर आलं नाही.

त्याच दिवसांत जेलच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली एक म्हातारी दर गुरुवारी बसलेली दिसे. मंजुळाबाई तिचं नाव. ती संजीवनीची आई होती. संजीवनी सहा महिन्यांपासून बेपत्ता होती, आणि तिला मारल्याच्या संशयावरून इंद्रभान आत होता. आपली लेक कुठं आहे, एवढंच त्या म्हातारीला हवं होतं. हे सगळं आम्हाला नंतर समजलं. नियमच तसा होता, आणि तो नियम मला आजही बोचतो.

मार्चचा शेवटचा गुरुवार. ऊन तापलं होतं, बराकीतला पंखा बंद होता. बाईंनी कोरं कार्ड काढलं. "इंद्रभान, संजीवनीचं आलंय."

तो हसेल असं मला वाटलं होतं. पण तो भिंतीला टेकला आणि त्याचे ओठ सुकले. "कोणाचं?"

"तुझ्या बायकोचं. ऐक. मी बरी आहे. तुम्ही जेवत जा." एवढं बोलून बाई थांबल्या. त्यांनी पदर अंगाभोवती गच्च ओढून घेतला. त्या उकाड्यात त्यांच्या हातावर काटा आलेला मी पाहिला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "उन्हाळा लागला. विहिरीतला गाळ काढून घ्या."

साधं वाक्य. आपल्याकडे मार्च-एप्रिलात कोणीही कोणाला सांगेल असं. पण इंद्रभान उठला, दारापर्यंत गेला आणि पुन्हा तिथंच खाली बसला.

"तिनं सांगतलं," तो म्हणाला. "साहेबांले बोलवा. आता मले नाही राहावत."

त्यानं सगळं सांगितलं. गावाबाहेरची पडकी विहीर, वरून टाकलेली माती, दगड. दोन दिवसांनी गाळाखाली संजीवनी सापडली.

परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "मी गव्हाच्या कापणीचं म्हणणार होते हो. विहीर कुठून आली तोंडात?" त्यांनी मला कार्ड दाखवलं. दोन्ही बाजूंनी कोरं, आणि भिजून फुगलेलं. घाम असेल, मी म्हणालो. बाईंचे हात कोरडे होते. मला भीती वाटली होती, खरं सांगतो.

पुढच्या गुरुवारी बाई वर्गात गेल्याच नाहीत. फाटकाशीच म्हातारीनं त्यांना गाठलं. इंद्रभाननं पाठवलेली तिन्ही कार्डं तिच्या हातात होती.

"मास्तरीणबाई, माह्या लेकीचं कार्ड तुमच्यापाशी हाये म्हणतात. ते मले द्या. एकडाव वाचून दावा."

बाईंचा चेहरा उतरला. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगत आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून ते कार्ड काढलं आणि म्हातारीपुढं धरलं. सुकून ते वेडंवाकडं झालं होतं.

"मावशी, मी खोटं बोलले. हे कोरं आहे. तिनं काही लिहिलं नव्हतं. मीच मनानं बोलले. मला माफ करा."

म्हातारीनं कार्ड घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि पदराला पुसून पोलक्यात ठेवलं.

"तिले कुठी लिहिता येत होतं, बाई," ती म्हणाली. "शाळेतच नव्हतं घातलं मी तिले. तिनं ते तुमच्याकून वदवून घेतलं."