न पाहिलेल्या माणसाचा कोट

हॉरेस बिडमीडने एकवीस वर्षं एका माणसाचे कोट शिवले आणि त्या माणसाचा चेहरा कधी पाहिला नाही. यात नवल काही नाही. लंडनच्या सॅव्हिल रोवर, बड्या शिंप्यांच्या त्या रस्त्यावर, गिऱ्हाईक असतं वर, गालिच्यावर, आणि आम्ही खाली तळघरात, फळीवर मांडी घालून. वर गॅरॉडसाहेब माप घ्यायचे, कापड बेतायचे, कापायचे आणि गुंडाळी करून खाली धाडायचे. मग हॉरेस कोट उभा करायचा. अस्तर, काजं आणि बारीक हातशिलाई माझ्याकडे. मी विनी. वर जायची परवानगी मलाही नव्हती, आणि मला तिची हौसही नव्हती. वरच्या लोकांना फार हळू बोलावं लागतं.

हॉरेसला मात्र हौस होती. गिऱ्हाईक बघायची नव्हे, आपला कोट चालताना बघायची. रविवारी तो हाइड पार्कात बाकावर बसून लोकांच्या पाठी न्याहाळायचा. कुणाची कॉलर मानेपासून सुटलेली दिसली की ह्याचा दिवस नासला. एकदा एका गृहस्थाची बाही कशी पडते ते बघत हा वेडा त्याच्या मागोमाग मार्बल आर्चपर्यंत गेला. शेवटी पोलिसाने हटकलं. "मी शिंपी आहे," असं म्हणाला म्हणे, जणू त्यात सगळं आलं. स्वतःच्या अंगात कोपरांवर विरलेलं जाकीट आणि पायात दोन रंगांचे मोजे. मी रागावले की म्हणायचा, "मला कोण बघतंय, विनी?" मी बघत होते ना! पण ते राहू दे.

तर ज्याचा चेहरा पाहिला नाही तो माणूस म्हणजे ट्रेंचमसाहेब. त्यांचा उजवा खांदा अर्धा इंच उतरता. हॉरेस तिथे कापसाचा पातळ थर लावायचा, असा की हात फिरवला तरी कळू नये. एकवीस वर्षं ते गृहस्थ जगाला सरळ दिसले ते ह्याच्या बोटांमुळे. कच्च्या शिलाईचा कोट वर जायचा, साहेबांच्या अंगावर चढायचा आणि गॅरॉडसाहेबांच्या खडूच्या खुणा घेऊन परत यायचा. त्या खुणा हॉरेस एखादं पत्र वाचावं तशा वाचायचा.

"आज स्वारी खुशीत होती."

"कशावरून?"

"छाती काढून उभे राहिलेत. ही पाठीची खूण बघ."

मी बघायचे. मला खडू दिसायचा.

पंचावन्न सालच्या वसंतात ट्रेंचमसाहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं, अठरा जूनला. लग्नासाठी काळा, मागे लांब शेपटं असलेला मॉर्निंग कोट. एप्रिलमध्ये पहिली ट्रायल झाली आणि कोट खाली आला. दोन्ही बाजूंनी इंचभर आत घ्या, असं खडू सांगत होता. मेच्या पहिल्या आठवड्यात दुसरी. आणखी दीड इंच, आणि ह्या वेळी खांद्यावरही.

हॉरेसने खांद्यावरच्या खुणेवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. "पोट कुणाचंही कमी होतं गं. खांदा असा उतरत नाही. विनी, माणूस आजारी आहे."

"लग्नघर आहे. दगदगीने जेवण जात नसेल."

"हं," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता, माझाही नव्हता.

एक जूनची शेवटची ट्रायल झालीच नाही. गॅरॉडसाहेब जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभे राहिले. ह्याहून खाली ते कधी उतरत नसत. "ट्रेंचमसाहेबांना आता बाहेर पडवत नाही," ते म्हणाले. "कोट लग्नाच्या सकाळी मी स्वतः त्यांच्या घरी नेईन. मागच्या खुणांवर शिवून टाक."

"मागच्या खुणांना लग्नापर्यंत सहा आठवडे होतील, साहेब. तोवर ते त्या खुणांत राहणार नाहीत. घरी जाऊन माप घ्या ना."

"घरच्यांनी नको म्हटलंय. परक्या माणसाने आपल्याला असं पाहिलेलं त्यांना आवडणार नाही."

"मग मी अंदाजाने..."

"बिडमीड, तू शिंपी आहेस, डॉक्टर नाहीस. खुणांवर शीव."

साहेब वर गेले. हॉरेस मला म्हणाला, "मुलीचा हात धरून ते चर्चमध्ये चालणार. कोट अंगावर लोंबला तर सगळे लोक नवरीला सोडून त्यांच्याकडे बघतील. आणि ते तिला कळेल."

त्यानंतर तीन दिवस त्याने सुईला हात लावला नाही. नुसता बसून राहायचा. वरच्या फुटपाथच्या जाळीतून येणारं ऊन फळीवरून सरकत भिंतीवर चढायचं, इस्त्रीची वाफ त्यात तरंगायची, आणि हॉरेस डोळे मिटून दोन्ही हात हवेत धरायचा, समोर कुणी उभं असल्यासारखे. हात हळूहळू जवळ यायचे, थांबायचे, आणखी थोडे जवळ यायचे. मधल्या रिकाम्या जागेत तो कुणाला तरी बघत होता. मी हाक मारली तर "अं?" म्हणायचा, पार लांबून आल्यासारखा. खरं सांगते, दुपारच्या त्या धुरकट उजेडात मलाही तिथे कुणीतरी दिसायला लागलं होतं. उंच, एका अंगाला किंचित झुकलेलं, दम खात उभं असलेलं.

चौथ्या दिवशी तो शिवायला बसला. खुणांच्या आत, दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण इंच. उजव्या खांद्यावर कापूस वाढवला, आणि डाव्यावरही, तिथे आयुष्यात कधी लावला नव्हता.

मी तोंडाला कुलूप घालून बसले होते. पण त्याने कात्री उचलली तेव्हा राहवलं नाही. शिवणीत आम्ही जादा कापड सोडतो, माया. आमचे गृहस्थ दरसाल सुटतात, मग उसवून सैल करता येतं. हा ती मायाच कापायला निघाला होता.

"डोकं फिरलंय का तुझं? चुकलास तर उसवायला उरेल काय? ह्या वयात कोण ठेवणार तुला कामावर?"

"जाड शिवण बरगडीला लागेल, विनी. आता मध्ये मांस नाहीये त्यांच्या."

"तुला कसं ठाऊक? पाहिलंयस त्यांना?"

त्याने कात्री चालवली. काळ्या कापडाच्या पट्ट्या एकेक करून फळीवर पडल्या. मग कोट माझ्याकडे सरकवला. काज एकदा कापलं की कापलं, ते कुणाला परत जोडता येत नाही. मी त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि कापलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता येईल, पण आता कुणी विचारत नाही.

सतरा तारखेला हॉरेसने कोट स्वतःच कागदात बांधला आणि वर गॅरॉडसाहेबांकडे पाठवून दिला. दुपारी चहा घेताना एकदम म्हणाला, "तंग झाला तर काय होईल?"

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला आणि चक्क हसला. "उद्या बटण लागलंच नाही तर काय मजा येईल, नाही?"

मला वाटलं, बढाई मारतोय. मी त्याला मूर्ख म्हटलं आणि त्याच्या पावाला जरा जास्तच मुरंबा लावला.

अठरा तारखेला शनिवार होता. साडेअकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. मधली पायरी आली आणि मागे गेली. गॅरॉडसाहेब थेट खाली आले, आमच्या फळीपाशी, टोपी हातात धरून.

"त्यांच्या घरी कागद सोडून कोट हातात घेताच कळलं, तू माझं ऐकलं नाहीस," ते म्हणाले. "मनातल्या मनात तिथेच तुला काढून टाकलं मी, बिडमीड. मग त्यांच्या अंगावर चढवला."

हॉरेस ताठ झाला. "काखेत अडला?"

"नाही."

"श्वास घेतला तेव्हा? बटणापाशी जरा तरी ओढला असेल."

"अरे, तसूभरही नाही! इतका नेमका कोट मी बत्तीस वर्षांत पाहिला नाही. ते आरशासमोर उभे राहिले, स्वतःला निरखलं, आणि मला म्हणाले, 'बघा गॅरॉड, लोक म्हणतात तेवढा काही मी खालावलेलो नाही.' मग त्यांनी मुलीला हाक मारली. ती आत आली आणि तिलाही तसंच वाटलं. मी पाहिलं ना, तिच्या चेहऱ्यावर दिसलं."

गॅरॉडसाहेबांनी हात पुढे केला. तळघरातल्या माणसाशी त्यांनी हात मिळवलेला मी तेव्हा एकदाच पाहिला. हॉरेसने तो धरला, हलवला, "आभारी आहे साहेब" म्हणाला. साहेब वर गेले.

मी आनंदाने काहीतरी बडबडत होते. काय म्हणाले होते तुला, असंसुद्धा म्हणाले असेन, जरी मी उलटंच म्हणाले होते. हॉरेसने अंगुस्तान बोटातून काढून फळीवर ठेवलं. तो रडत होता.

"तंग व्हायला हवा होता गं, विनी. माझा अंदाज चुकायला हवा होता," तो म्हणाला.