लेणी बघायला गेलेल्या आया

बाळांनो, आत्याआजी जाऊन महिना झाला. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या शाळेत शिकवायच्या ना?" एवढंच तुम्हाला ठाऊक असावं याचा मला फार वैताग आला. तुमचा नाही, माझाच. म्हणून हे लिहिते आहे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ. सुमनवन्सं, म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, औशाजवळच्या एका गावात इतिहास शिकवायच्या. सातवीनंतर तिथल्या मुलींची शाळा सुटायची. त्याआधी त्यांनी खरोशाची लेणी पाहावीत, हा वन्संचा हट्ट. मुलींनी घरी सांगितलं, "बाई लेणी दाखवायला नेणार." आमच्याकडे लेणं म्हणजे आधी दागिना. दुसऱ्याच दिवशी एकीचे वडील शाळेत हजर.

"बाई, प्यायला पानी न्हाई अन् तुम्ही पोरींना दागिने दावून राहिल्या?"

"अहो मामा, दगडाची लेणी!"

"दगडाची? मंग तर न्हाईच न्हाई."

शेवटी गावानं तोड काढली. सोबत आया जाणार असतील, तरच पोरी जातील.

मीही गेले होते. वन्सं लेण्यात उभ्या राहून झिजलेल्या मूर्तींबद्दल सांगू लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "लई गार हाय गं इथं!" रोज पहाटेपासून टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या त्या बाया... बघता बघता पदर डोक्याखाली घेऊन आडव्या झाल्या, आणि त्यांच्या कुशीत पोरीही. कुणीतरी चक्क घोरू लागलं.

"वहिनी, मी यांना निजायला आणलं का?" वन्संचा आवाज चिरकला.

पुन्हा त्यांनी सहल काढली नाही. शेवटच्या भेटीतही म्हणाल्या, "एकीनं तरी काही पाहिलं असेल का हो..." मी म्हटलं, "असेल की." त्यांना पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं.

त्या गेल्यावर त्याच वर्गातली सरोजा भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली, "आमची आई लई थकली आता. पर दुपारी आडवं व्हायचं असलं की अजून म्हनती, 'मी जरा लेणी बघून येते.' मंग कितीबी काम असू द्या, तिला कुनी हाक मारत न्हाई."

"अगं, हे बाईंना का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं?"

मी नुसती चडफडत बसले.

सरोजाच्या माहेरी आता सुनाही तसंच म्हणतात, आणि दुपारी तासभर निजतात.