तिने न बदललेलं वाक्य

कांदिवलीत मी संध्याकाळी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. गेल्या वर्षी वर्गात केरळहून आलेली एक नर्स होती. तिच्या वहीत मी लाल पेनाने चुका दाखवायचे आणि ती प्रत्येक चुकीखाली तीन-तीन नवी वाक्यं लिहून आणायची.

एकदा तिने लिहिलं होतं, 'आजी, तू जेव.' मी ते 'तुम्ही जेवा' केलं.

पुढच्या तासाला ती म्हणाली, "टीचर, हे मी बदलणार नाही. वॉर्डमधली मालवणची आजी 'तुम्ही' म्हटलं की रुसते. विचारते, मी काय परकी आहे? 'तू' म्हटलं तर दोन घास जास्त जेवते."

मला तिचं फार कौतुक वाटलं. मी माझीच दुरुस्ती खोडली.

"तुझंच बरोबर आहे गं," मी म्हटलं.

"मग डॉक्टरांनाही 'तू'?"

"नको! त्यांना 'तुम्ही'च."