आखणीला एकच हात

आमच्या पेणच्या ऑफिसात सगळे कानांत हेडफोन घालून बसायचे, तरी आखणीबाईंची हाक कुणाला चुकली नाही. मशीनची फाईल उघडायच्या आधी बाई खुर्चीतून उठून ओरडायच्या, "आखणीला बसले गो!" मग त्या उठेपर्यंत त्या फाईलला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

बाई गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या. मूर्तीवर कितीही हात फिरोत, डोळ्यांची आखणी एकच माणूस करतो. तो बसला की बाकीचे पाटाला धक्का लागू नये म्हणून जपतात. हाच नियम त्यांनी सॉफ्टवेअरला लावला. आम्ही रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या मशीनचे प्रोग्राम लिहायचो. साधा कोड दोघांनी बदलला तर जुळवता येतो. मशीनच्या फायली जुळत नाहीत. एकाचं काम ठेवायचं तर दुसऱ्याचं टाकावं लागतं. सगळ्यांच्या फायली सांभाळणाऱ्या आमच्या जुन्या सबव्हर्जनमध्ये अशा फाईलला कुलूप लावता यायचं. बाई कुलूपही लावायच्या आणि वर ओरडायच्याही. "कुलूप कॉम्प्युटरसाठी, हाक माणसांसाठी," म्हणायच्या.

मग मुंबईहून नवे साहेब आले आणि फर्मान निघालं: सगळं गिट या नव्या सिस्टीमवर न्या, याच आठवड्यात. बाई गिटच्या विरोधात नव्हत्या. हे मी ठणकावून सांगते, कारण नंतर त्यांना जुनाट म्हणणारे पुष्कळ निघाले.

"कोड न्या खुशाल," त्या म्हणाल्या. "मशीनच्या फायलींना तिथंपण कुलपाची सोय होते, ती आधी करा. तोवर त्या हलणार नाय."

"ते नंतर बघू. जग पुढे गेलं, बाई."

"जाऊ दे की! आपली फाईल रोह्याला जाते. तिथं व्हॉल्व्हपाशी माणूस उभा असतो."

साहेबांचा पारा चढला. फायली हलवा, नाहीतर राजीनामा द्या, म्हणाले. बाईंनी मागे कुणाचं अडू नये म्हणून आपली कुलपं एकेक करून काढली, राजीनामा टाईप केला, पर्स उचलली आणि दारातून ओरडल्या, "आखणी उठली गो!" माझ्या तोंडात शिवी आली आणि डोळ्यांत पाणी. शिवी तेवढी गिळता आली.

फायली गिटवर गेल्या, बिनकुलपाच्या. पहिलीच मशीनची फाईल माझ्या वाट्याला आली. मी उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "आखणीला बसले गो!" साऱ्या ऑफिसाने कीबोर्डवरचे हात उचलले.

साहेब केबिनमधून धावत आले. "हा काय तमाशा? हे कुठल्या सिस्टीममध्ये बसतं?"

"पेणच्या," मी म्हटलं. "काढायचं तर मलाही काढा."

"आणि आम्हालाही," मागून आवाज आला. नाही काढलं कुणाला.

बाईंना रोह्याच्या त्याच कंपनीनं बोलावून घेतलं. आता आमची फाईल त्याच तपासून घेतात. फाईल पोचली की फोन येतो, नमस्कार-चमत्कार काही नाही.

"आखणीला कोण होतं गो?"

"मी, बाई."

"एकटीच?"

"एकटीच."

"मग चढवते मशीनवर."