सरकलेली गादी आणि हरवलेली चप्पल

माझी कंबर आमच्या लोखंडी कपाटाने मोडली. कपाटाला काहीही झालं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दिवाळीआधी पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांना चुना लावायचा, म्हणून कपाट जरा सरकवायचं होतं. बायको म्हणाली, "अहो, विलास येऊ दे, मग दोघं मिळून सरकवा." विलास म्हणजे तिचा धाकटा भाऊ. देवळाली कॅम्पात त्याचं किराणा दुकान. पण मेव्हण्याची वाट बघेन तर तो मी कसला! मी कपाटाला मिठी मारली, जोर लावला आणि पाठीत 'कट्' असा आवाज झाला. वाकलो तो वाकलेलाच राहिलो! (येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, मास्तर फारच विनम्र झालेत.)

डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे फोटो काढला, पाय उचलून पाहिले. म्हणाले, "मणक्यातली गादी सरकलेली दिसते. शिरेवर दाब येतोय. आधी फळीवर झोपून सक्त विश्रांती. नाही जमलं तर पायाला वजनं बांधून ताण देऊ. पण पाय बधिर व्हायला लागला, तर लगेच सांगायचं. मग पाठ उघडून तो दाबणारा तुकडा काढावा लागेल."

पाठ उघडून! मी शाळेत शास्त्र शिकवायचो. कण्याच्या आत काय असतं, ते रंगीत खडूंनी फळ्यावर काढून दाखवायचो. आता डोळे मिटले की तेच चित्र दिसे आणि त्यावर कुणीतरी डस्टर फिरवत असे!

रविवारी विलास आला.

"दाजी, घाबरू नका. पिंपळगावला आमच्या ओळखीच्या एकाचं हेच ऑपरेशन झालं."

"मग? चालतो ना तो?"

विलासने बहिणीकडे पाहिलं. "ताई, चहा टाक ना."

"अरे, चालतो का?"

"साखर कमी टाक हं, ताई."

त्या दिवसापासून मी ठरवलं, मरेन पण ऑपरेशन करणार नाही. थोड्याच दिवसांत डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मी गप्प. मग मुंग्याही गेल्या. मी आणखी गप्प! उलट 'मी आता ठणठणीत आहे' हे दाखवायला बायकोला घेऊन रविवार कारंजापर्यंत भाजीला गेलो.

परत आलो तर उंबऱ्यातच ती थबकली.

"अहो, डाव्या पायातली चप्पल कुठंय?"

मी खाली पाहिलं. चप्पल नव्हती. वाटेत कुठे निघाली, देव जाणे. टाचेत काचेचा तुकडा रुतला होता, रक्त येत होतं आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

विनोद तिथेच संपला. ती खाली बसून टाचेतली काच काढू लागली. मी भिंतीला धरून उभा राहिलो. पाय माझाच होता, पण कुणा दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता.

तशीच रिक्षा करून तिने मला डॉक्टरांकडे नेलं. तिथेही मी शेवटचा प्रयत्न केला.

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "टोचलं की सांगा."

"टोचतंय!"

"आता?"

"टोचतंय! चांगलंच टोचतंय!"

"मास्तर, मी अजून टाचणीच शोधतोय."

बायको हसली नाही. दबक्या आवाजात म्हणाली, "ऑपरेशननंतर काही दिवस खुर्चीत बसून शिकवाल. आता टाळलंत, तर जन्मभर खुर्चीतच बसाल."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर पायाशी उभे होते. त्यांनी डावा अंगठा दाबला.

"आई गं!"

सगळा वॉर्ड दचकला. बायको मात्र पदराने डोळे पुसत म्हणाली, "पुन्हा दाबा हो, डॉक्टर!"

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या कुलकर्ण्यांची पाठ धरली. मी ताठ चालत त्यांच्या घरी गेलो, बायकोही सोबत होती. म्हणालो, "घाबरताय काय एवढं? मी तर हसत टेबलावर चढलो. भुलीचं इंजेक्शन कधी दिलं, तेसुद्धा कळलं नाही!"

"कसं कळेल?" बायको म्हणाली. "भुलीचे डॉक्टर यायच्या आधीच हे बेशुद्ध पडले होते!"